कातडं बाहेर ठेव

कुमुदताईंशी माझं शेवटचं बोलणं झालं ते एका बॅगेवरून. जाताना माणूस काहीतरी मोठं, लक्षात ठेवण्यासारखं बोलून जातो असं आपण ऐकलेलं असतं. आमच्या ताई बॅगेबद्दल बोलल्या. वरच्या मजल्यावर, गॅलरीला लागून असलेल्या आपल्या खोलीत त्या पडून होत्या. "आता घरीच न्या," असं हॉस्पिटलात सांगितलं होतं आणि त्याचा अर्थ त्यांना आमच्या आधी कळला होता. मी चमच्यानं लिंबाचं सरबत पाजत होते. थोडं घेतलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. मग दारामागच्या खुंटीला लटकलेल्या त्यांच्या चामड्याच्या बॅगेकडं बघत म्हणाल्या, "मंजू, माझ्या मागं अण्णा ती बॅग मागंल. देऊन टाक." मी म्हणाले, "त्यांना कशाला? मुळीच देणार नाही." तर त्या श्वास गोळा करत म्हणाल्या, "दे म्हणायलेय ना मी. आणि देताना एक अक्षर बोलू नको. हिला असं सांभाळा, तसं सांभाळा... काही नाही. शब्द दे." मी शब्द दिला, पण मनातून फार चिडले. मला वाटलं, ताईंनी अण्णांना माफ केलं. जाताना बरीच माणसं करतात तसं, सगळी ओझी इथंच ठेवून. सरबताची वाटी खाली आणून मी मोरीत आदळली. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई गेल्या.

श्रद्धांजलीत कुणाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. तो नियम गेलेल्या माणसासाठी आहे. मागं राहिलेल्यांसाठी तसा काही नियम असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, हा लेख जितका कुमुदताईंवर आहे तितकाच त्यांच्या थोरल्या भावावर, म्हणजे अण्णांवर आहे. मी धाकटी भावजय. लग्न होऊन सिडकोतल्या या घरात आले तेव्हा सासूबाई होत्या, अण्णा आणि त्यांची पत्नी होती (त्याही आता नाहीत), आणि लग्न न केलेल्या नणंदबाई होत्या. अशा नणंदेबद्दल माहेरी मला इतकं घाबरवून सोडलं होतं, की पहिले पंधरा दिवस मी त्यांच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. पहिल्यांदा नीट बघितलं ते एका रविवारी सकाळी. गॅलरीत लाकडी स्टुलावर बसून, मांडीवर बूट घेऊन त्या तो पुसत होत्या, आणि पुसता पुसता त्याच्याशी बोलत होत्या. "लई चाललास बाबा या आठवड्यात," असं काहीतरी.

ताई गाइड होत्या. वेरूळ आणि अजिंठा, दोन्हीकडच्या. आमच्या घराण्यात आधी पौरोहित्य, मग निजामाच्या काळापासून कचेरीतली कारकुनी. आजोबांना उर्दूत अर्ज लिहायला लोक बोलवायचे म्हणे. अशा घरातली मुलगी इंग्रजीचं एमए करून, वर जपानी भाषेचा क्लास लावून, परदेशी पाहुण्यांच्या पुढं पुढं लेण्यांमधून हिंडते, हे अण्णांच्या पचनी कधीच पडलं नाही. "गावभर चपला झिजवायची नोकरी," असं ते म्हणायचे. त्यात चूक एवढीच होती की त्या चपला नव्हत्या. नाडीचे चॉकलेटी बूट होते, आणि ताई ते झिजू देत नव्हत्या. दगडावरून, धुळीतून, पायऱ्यांवरून रोज इतकं चालणं, आणि लेणीच्या तोंडाशी बूट काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे... दुसरी बाई वर्षाला एक जोड संपवती. ताईंचे बूट मी आले तेव्हाही होते आणि त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हाही होते. फक्त तळवे बदलले. बॅगसुद्धा तशीच. जुन्या शहरात गुलमंडीच्या बाजूला एका कारागिराकडं आपल्या खांद्याच्या मापानं शिवून घेतलेली. आत टॉर्चला एक कप्पा, पाण्याच्या बाटलीला एक, आणि झाकणाच्या आतून एक लहानसा खिसा, ज्यात नेहमी आवळासुपारी असायची. शंभर लोकांना एकच गोष्ट सांगून घसा सुकतो, त्यावरचा तो इलाज होता.

रविवारचा तो कार्यक्रम हळूहळू माझाही झाला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्यांचा सगळा संसार असायचा. घोड्याच्या केसांचा एक ब्रश, धोतराचे मऊ तुकडे, आणि एरंडेलात मेण वितळवून त्यांनी स्वतः केलेलं मलम. आधी कोरड्या ब्रशनं धूळ काढायची, शिवणीशिवणीतून, कारण वेरूळची धूळ बारीक असते आणि ओलं फडकं लावलं की तिचा चिखल होऊन ती आतच बसते. मग फडकं ओलं करून इतकं पिळायचं की हाताला नुसता गारवा लागावा. त्यानं एकदाच पुसायचं. मग सावलीत, वाऱ्याला ठेवायचं. उन्हात कधीच नाही. पावसाळ्यात भिजून आले तर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि घटकाघटकानं बदलायचे, पण घाई म्हणून स्टोव्हजवळ न्यायचं नाही. मलम बोटाच्या टोकावर, मुगाएवढं. ते फडक्यानं लावायचं नाही, बोटानंच लावायचं. "बोटाला कळतं कुठं तहान लागलीय ते," असं ताई म्हणायच्या. मी एकदा मदतीच्या उत्साहात भरपूर मलम थापलं, तेव्हा त्या बॅगेला आठवडाभर चिकटपणा आला आणि वेरूळची अर्धी धूळ तिच्यावर बसून घरी आली. "लाड केलेस गं तिचे," एवढंच म्हणाल्या. ठेवायची ती जुन्या उशीच्या अभ्र्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली की आतल्या आत घामेजते आणि पांढरी बुरशी धरते. हे त्या पहिल्याच वर्षी स्वतःच्या चुकीनं शिकल्या होत्या. त्या सगळ्यात एक वाक्य त्या वारंवार बोलायच्या, आणि तेच मला या लेखासाठी हवं आहे. "चामड्याला पाणी चालतं, ऊनही चालतं. दोन्ही एकदम दिलं की ते मरतं."

हे सगळं गॅलरीत. गॅलरीच्या आत नाही. घरात चामडं आणायचं नाही हा अण्णांचा नियम. ते सोवळ्यातले. रोज पूजा, रोज पोथी, गुरुवारी खालच्या हॉलमध्ये भजन. ताई कामावरून आल्या की बूट आणि बॅग बाहेरच्या जिन्याखाली, मग मागच्या नळावर कोपरापर्यंत हात, पाय, आणि मग आत. थंडीत, तापात, केव्हाही. पाहुणे आले की अण्णा हसत हसत सांगायचे, "आमची कुमुद जोडे पुसते बरं का! एमए करून!" पाहुणेही हसायचे. आता या सोवळ्याची गंमत बघा. अण्णांच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता. मनगटावर घड्याळ, त्याचा पट्टा चामड्याचा. आणि देवघराच्या कोपऱ्यात, लाल कापडाखाली, त्यांचा पखवाज. त्याच्या दोन्ही तोंडांना काय ताणून बसवलेलं असतं हे अण्णांना ठाऊक नव्हतं असं नाही. मी नवी असताना भोळेपणानं एकदा पट्ट्याचं विचारलं. अण्णा म्हणाले, "तो कपड्यात येतो." पखवाजाचं विचारलं, तर म्हणाले, "त्याचं शास्त्र वेगळं आहे." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! ताई मात्र ऐकून नुसत्या हसल्या. म्हणाल्या, "त्याचं कातडं देवाचं आहे मंजू, माझं माणसाचं."

मला वाटतं, इतकंच असतं तर मीही आज हसले असते. घरोघरी अशी माणसं असतात, त्यांचे नियम असतात, आणि बाकीचे त्यांना वळसा घालून जगतात. पण सासूबाई गेल्या त्या दिवशी जे झालं त्याला वळसा घालता येत नाही. त्या बरेच दिवस आजारी होत्या. खालच्या हॉलमध्ये त्यांची खाट होती. त्या दिवशी ताई एका जपानी गटाबरोबर अजिंठ्याला गेलेल्या. दुपारी सासूबाईंचं लक्षण बदललं, ऊर्ध्व लागला. आमच्या यांनी अजिंठ्याच्या पायथ्याला फर्दापूरला फोन लावला, तिथल्या हॉटेलवाल्यानं माणूस पाठवून ताईंना निरोप पोचवला. गट दुसऱ्या गाइडच्या हवाली करून ताई निघाल्या. बाबूभाईंची जीप होती. बाबूभाई म्हणजे वर्षानुवर्षं ताईंना अजिंठ्याला नेणारे ड्रायव्हर. त्या दिवशी त्यांनी जीप कशी आणली हे तेच जाणोत. इकडं सासूबाई डोळे मिटून होत्या, पण जीप दाराशी थांबली तेव्हा त्यांना आवाज कळला. मी त्यांचा हात धरून बसले होते. त्या म्हणाल्या, "कुमुद आली का?" मी म्हणाले, "आल्या, आई. आल्याच." ताई धावत दारात आल्या. खांद्याला बॅग, पायात बूट, केसांत धूळ. आणि अण्णा दारात आडवे झाले. उंबऱ्यावर, दोन्ही हात चौकटीला लावून. म्हणाले, "गंगाजल चाललंय आत. आधी ते कातडं बाहेर ठेव. अंघोळ कर. मग ये." ताई म्हणाल्या, "अण्णा, सोड. बघू दे एकदा." अण्णा म्हणाले, "आईची सद्गती बिघडवायचीय का तुला?"

ताईंनी बॅग जिन्याखाली ठेवली. बूट काढले... नाडीला गाठ बसली होती, ती सुटेना. मला खाटेपाशी बसल्या जागेवरून दिसत होतं. मग त्या मागच्या बाजूनं न्हाणीघरात गेल्या. बादलीत पाणी पडायला लागलं. तो आवाज खाटेपर्यंत येत होता. सासूबाईंनी पुन्हा एकदा विचारलं, "कुमुद?" आणि पाणी पडतच होतं. ताई ओल्या केसांनी, पदर कसातरी खोचून आत आल्या तेव्हा आईंचा हात माझ्या हातात तसाच होता, पण आई नव्हत्या. ताई रडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "काही म्हणाली?" मी म्हणाले, "तुमचं नाव घेतलं." मग त्यांनी अण्णांकडं बघितलं.  अण्णा म्हणाले, "शुद्ध होऊन आलीस, बरं केलंस. आईच्या आत्म्याला समाधान वाटलं असेल." हे वाक्य मी या घरात राहून इतकी वर्षं रोज ऐकत आले आहे. भाजी चिरताना ऐकलं आहे, अण्णांचं ताट वाढताना ऐकलं आहे. आमचे हे म्हणतात, "सोड ना आता, त्याचाही स्वभाव आहे." स्वभाव सगळ्यांनाच असतो. मलाही आहे.

तेरावा झाल्यावर ताईंनी एकच गोष्ट केली. जिन्याखालची बॅग उचलली, सरळ वर नेली आणि आपल्या खोलीत, दारामागं खुंटीला लावली. अण्णांनी बघितलं. त्या दिवसापासून वर येणं त्यांनी बंद केलं. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी म्हणाले. ताई म्हणाल्या, "खोकला नाही गेला. आहे इथंच." आणि छातीवर हात ठेवला. त्यांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. अण्णांशी बोलणं मोजकं, कामापुरतं. पण रविवारी त्या बॅगेवर बोटं फिरवत बसलेल्या दिसल्या की मला समजायचं, त्या कशावरून हात फिरवतायत. ती त्या दारातून परत फिरलेली बॅग होती.

तर ताई गेल्या. आणि त्यांनी सांगितलं तसंच झालं. शहरातल्या गाइड मंडळींनी ठरवलं की ताईंसाठी एक सभा घ्यायची, आणि त्यांची ती बॅग काचेच्या पेटीत घालून आपल्या बैठकीच्या खोलीत कायमची ठेवायची. इतक्या मुलामुलींना ताईंनी हे काम शिकवलं होतं, त्यातल्या प्रत्येकाला ती बॅग पाठ होती. बॅगेचं त्यांनी आजारपणातच ताईंच्या कानावर घातलं होतं, हे मला नंतर कळलं. बॅग कुटुंबाच्या वतीनं थोरल्या भावानं मंचावर सुपूर्त करायची, असं ठरलं. अण्णा भाषणाची तयारी करायला लागले. खालून मला ऐकू यायचं, "माझी भगिनी कुमुद हिनं आपल्या संस्कृतीचा झेंडा सातासमुद्रापार..." झेंडा! ज्या बाईला उंबऱ्यावर अडवलं तिचा झेंडा. मग ते माझ्याकडं बॅग मागायला आले. मी ती अभ्र्यात घालून माझ्या कपाटात ठेवली होती. मी अभ्र्यासकट त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पट्टा दोन बोटांत धरून ती बाहेर काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते. ताईंना शब्द दिला होता, आणि त्याच वेळी ताईंचाच राग येत होता. यालाच का द्यायची होती?

तेराव्यानंतर घर धुऊन काढायचं आमच्याकडं चालत आलं आहे. अंथरुणं, पडदे, चादरी, सगळं. मी दमून दुपारी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेले. वैशाखातलं ऊन, पाय ठेववत नव्हता. आणि तारेवर, पडद्यांच्या शेजारी, दोन चिमट्यांनी लटकवलेली ताईंची बॅग. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. खाली फरशीवर चहाच्या रंगाचं डबकं. बाजूला बादली, कपडे धुवायचा ब्रश, पावडरचा फेस, आणि गोमूत्राची बाटली. अण्णा पंचा नेसून उभे, घामाघूम, पण चेहऱ्यावर केवढं समाधान! "सुतकातली वस्तू, आजाऱ्याच्या खोलीतली," ते मला म्हणाले. "मंचावर दीपप्रज्वलन असतंय, सरस्वतीचा फोटो असतोय. तशी कशी न्यायची? कोमट पाण्यात भिजवली तासभर. आणि मळ केवढा निघाला बघ! इतकी वर्षं नुसतं वरवर पुसत बसली ती."

मी त्या डबक्याकडं बघत राहिले. त्यात मळ नव्हता. ताईंनी रविवारच्या रविवारी बोटानं जिरवलेलं तेल त्यात होतं. बॅग अजून ओली होती. ओली होती तोवर काही बिघडलं नव्हतं. हे मला पक्कं माहीत होतं, कारण ताईंनीच मला शिकवलं होतं. आत्ता तारेवरून काढायची, जिन्यात सावलीला ठेवायची, आत कागद भरायचे, ओलसर असतानाच एरंडेल लावायला लागायचं... बॅग वाचली असती. "अण्णा, ती उन्हातून काढा," एवढं एक वाक्य पुरेसं होतं. ते माझ्या ओठांवर आलंसुद्धा. आणि तेव्हा मला कळलं. देऊन टाक. एक अक्षर बोलू नको. ताईंनी त्याला माफ नव्हतं केलं. त्यांना अण्णा माहीत होते. ही बॅग हातात आली की हा माणूस तिला जशीच्या तशी घेणार नाही, आधी अंघोळ घालणार, हे त्यांना अंथरुणात पडल्या पडल्या दिसलं होतं. त्यांनी आपली सगळ्यात जपलेली वस्तू जाणूनबुजून त्या उन्हात टांगली होती. मला बॅगेची दया आली, खोटं कशाला बोलू. तिला हात लावावासा वाटला. पण बादलीत पाणी पडण्याचा तो आवाज माझ्या कानात होता. मी वाळलेले पडदे काढले, घड्या घातल्या आणि अण्णांना विचारलं, "चहा टाकू?" ते म्हणाले, "टाक." मी खाली आले आणि चहा टाकला. आलंसुद्धा घातलं.

सभेच्या दिवशी बॅग काय झाली होती हे मी सांगत बसत नाही. तळलेल्या पापडाला कधी हात लावला असेल, तर तेवढं पुरे. आक्रसून लहान झालेली, रंग उडालेला, झाकण वर वळलेलं, आणि पट्टा जिथं खांद्यावर बसायचा तिथं आडव्या भेगा. अण्णांनी ती शालीत गुंडाळून नेली. त्यांनाही दिसत होतंच, पण "जुनी झाली होती, चालायचंच" असं म्हणून त्यांनी स्वतःची समजूत घातली असावी. हॉल भरलेला होता. भाषण झालं, झेंडा सातासमुद्रापार गेला, टाळ्या पडल्या. मग अण्णांनी शाल उलगडून बॅग दोन्ही हातांनी वर धरली. टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. पुढच्या रांगेतली एक मुलगी, ताईंच्या हाताखाली तयार झालेली, तोंडावर हात ठेवून बसली.  मग मागून बाबूभाई उभे राहिले. आता ते थकलेत, काठी घेऊन आले होते. म्हणाले, "अण्णा, दीदी की बॅग को क्या हुआ ये? पानी में कायकू डाले?" अण्णा म्हणाले, "शुद्ध केली." हॉलमध्ये इतकी शांतता होती की ते माइकशिवाय मागपर्यंत ऐकू गेलं. बाबूभाई म्हणाले, "हौ. उस दिन दीदी को बी शुद्ध करेच थे ना तुम. जीप में बैठ के देखा मैं." आणि ते खाली बसले.

कोणाला काय समजलं, कोणाला नाही, मला माहीत नाही. अण्णांना समजलं. ते मंचावर तसेच उभे होते, बॅग धरून, आणि ती घ्यायला कुणी पुढं येईना. मंडळाचे सचिव भला माणूस, त्यांनी हळूच सांगितलं, "अण्णासाहेब, आपण नंतर बघू. सध्या घरीच असू द्या." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मला आनंद झाला. दुःखाच्या सभेत आनंद होऊ नये, पण झाला, आणि तो मी कुणापासून लपवलाही नाही. शेजारी बसलेल्या यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर काही दिवसांनी, एका रविवारी, अण्णा वर आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. गॅलरीत उभे राहिले, हातात ती बॅग. म्हणाले, "मंजूषा, हिला काही करता येईल का? तुला तिचं सगळं माहीतंय." आवाज पडलेला होता. पोरी परगावी, बायको गेलेली, बहीण गेलेली, आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. मला वाटलं होतं तशी त्यांची कीव आली नाही. मी बिस्किटांचा डबा आणला, ताईंचं स्टूल पुढं केलं आणि म्हणाले, "करता येईल. पण हातानं करावं लागतं. बोटानं. दर रविवारी." ते स्टुलावर बसले. मी एरंडेलाचं मलम त्यांच्या बोटावर दिलं, मुगाएवढं, आणि त्यांनी, ज्यांनी माझ्याकडून ही बॅग दोन बोटांत धरून नेली होती, ते त्या भेगांवर चोळायला सुरुवात केली. मी शेजारी उभी राहून सांगत होते, इथं, आता तिथं, जोर नको. तासभर तरी गेला असेल. तेवढ्यात खाली त्यांचा मोबाइल वाजायला लागला. रविवारी या वेळेला त्यांची पुण्याची मुलगी नव्या नातवाला व्हिडिओवर दाखवते. आठवडाभर ते त्याचीच वाट बघत असतात. अण्णा लगबगीनं उठले, बाहेरच्या जिन्यानं उतरायला लागले. मी त्यांच्या पुढं गेले आणि दारात उभी राहिले. उंबऱ्यावर, दोन्ही हात चौकटीला लावून.

"अण्णा, कातड्याला हात लावलाय," मी म्हणाले. "आधी अंघोळ. मग आत या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हलले नाही. मोबाइल आत टेबलावर वाजत होता. मग ते वळले आणि मागच्या बाजूनं न्हाणीघरात गेले. बादलीत पाणी पडायला लागलं. फोन वाजून वाजून थांबला.

आता दर रविवारी हेच चालतं. मला काही म्हणावं लागत नाही. ते स्वतःच आधी गॅलरीत बसतात, मग अंघोळीला जातात. पुण्याची मुलगी वेळ बदलू या म्हणाली, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. का, ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. स्टूल तेच, ब्रश तोच, धोतराचे तुकडे तेच. दुपारी गॅलरीतून एरंडेलाचा तो वास घरात येतो तेव्हा क्षणभर वाटतं, ताईच बसल्यात. मग खोकला ऐकू येतो आणि लक्षात येतं, नाही. अण्णा अधूनमधून बॅग माझ्यापुढं धरतात आणि विचारतात, "थोडी मऊ पडली का गं?" मी बोट फिरवून बघते आणि त्यांच्या हाती परत देते. खरं सांगायचं तर ती बॅग आता कधीच मऊ होणार नाही. पाणी आणि ऊन एकदम बसलेलं चामडं परत येत नाही. कितीही रविवार चोळा, ते नुसतं वरून चमकतं. हे मी अण्णांना सांगितलेलं नाही. कुमुदताईंनी मला एक अक्षर बोलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि मी बोललेली नाही. लिहू नको असं मात्र त्या म्हणाल्या नव्हत्या. हा लेख ज्या पुरवणीत छापून येतोय ती आमच्याकडं रविवारी सकाळी येते, आणि बॅग मांडीवर घ्यायच्या आधी अण्णा ती गॅलरीत बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात.